चहातली गोळी

धाव लालभडक झाली होती आणि चाक जमिनीवर आडवं मांडलं होतं. धाव म्हणजे गाडीच्या चाकावर चढवायचा लोखंडी पट्टा. तो तापवून चढवायचा, घणानं ठोकून बसवायचा आणि लाकडानं पेट घ्यायच्या आत वरून पाणी ओतायचं. पाणी पडलं की लोखंड आवळतं आणि चाकाला असं धरतं की मग सुटत नाही. तापवायचं काम माझं, मी लोहार. पाणी ओतायचं काम सुताराचं, कारण चाक त्यानं घडवलेलं असतं आणि कुठं किती आवळू द्यायचं ते त्यालाच कळतं. वीस वर्षं आम्ही दोघं हे करत आलो. एकमेकांना कधी काही सांगावं लागलंच नाही.

त्या दिवशी मी एका बाजूनं आणि गाडीवाला दुसऱ्या बाजूनं सांडशीनं धाव उचलली आणि चाकावर टाकली. मी चारपाच घण घातले. धूर निघाला.

"ओत," मी म्हणालो.

सुतार भरलेली बादली धरून उभा होता. माझ्याकडेच बघत होता.

"अरे, ओत की."

तो हलला नाही. चाकाच्या कडेनं जाळ उठला. मी घण टाकला, त्याच्या हातातली बादली हिसकली आणि ओतली. वाफेनं सगळं भरून गेलं. वाफ गेली तेव्हा एका अंगाचं लाकूड कोळसा झालं होतं आणि सुतार तसाच उभा होता, बादली अजून हातात असल्यासारखी बोटं वळवून.

"दारू पिऊन आलाय का हा?" गाडीवाला म्हणाला.

"चूक माझी. धाव जास्त तापली," मी म्हणालो. "आठ दिवसांत नवं चाक देतो."

गाडीवाला बडबडत गेला. त्याला माझं पटलं नव्हतं, आणि मलाही.

या सुताराला सगळा गाव गुण्या म्हणतो. काटकोन बरोबर आहे का ते बघायचं सुतारांचं जे हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. याच्या हातचं दार कधी कुरकुरलं नाही, याची चौकट कधी डुगडुगली नाही, म्हणून ते नाव चिकटलं. माणूसही तसाच, सरळ. थट्टा करायला लागला तर समोरचा पोट धरून खाली बसायचा आणि हा मात्र तोंडावरची रेघ हलू द्यायचा नाही. तो माणूस पाचेक महिन्यांपासून आतल्या आत वाळत चालला होता. आधी बोलणं कमी झालं, मग जेवण. मग रंधा हातात धरून तास तास बसून राहायला लागला. लोक म्हणाले आळस शिरलाय, कुणी म्हणालं नजर लागली. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

त्याच दुपारी त्याची बायको माझ्या भट्टीवर आली. मी तिला वहिनी म्हणतो. खमकी बाई, पण त्या दिवशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"भावजी, चाकाचं कळलं मला. आता काही लपवत नाही. महिन्यामागं मी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरनं धड वर बघितलं नाही. म्हणाला, मनाचा आजार आहे, या गोळ्या घ्या, पुढचा कोण आहे. त्या गोळ्या तशाच पडल्यात. एकही घेतली नाही."

"का?"

"चुलत्यामुळं."

चुलता मला आठवत होता. गुण्याच्या हातात पहिला रंधा त्यानंच दिला. पुढं त्याचं डोकं बिघडलं, कसल्यातरी गोळ्या सुरू झाल्या, आणि नंतर अकरा वर्षं तो दारात बसून होता. लाळ गळायची. हातात पटाशी दिली तर तिच्याकडे बघत राहायचा. गुण्या तेव्हा लहान होता, चुलत्याला घास भरवायचं काम त्याच्याकडे होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. याचं तर सगळं लहानपणच पोळलेलं.

"मी पाया पडले, रडले," वहिनी म्हणाली. "ऐकत नाहीत. घरात काही खात-पीत नाहीत. पण सकाळी तुमच्याकडे चहा घेतात ना?" तिनं कनवटीची कागदाची पुडी काढली. "कुटून आणलीय. त्यांना कळणार नाही."

मी पुडीकडे बघितलं. लोखंड वाकवायची मला सवय, तापवलं की वाकतं. माणसाचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आणि मी घाबरलो होतो. खोटं कशाला सांगू, मी पुडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुण्या आला, ऐरणीशेजारच्या ओंडक्यावर बसला. मी आत चहा केला, त्याच्या पेल्यात पूड टाकली, साखर जास्त घातली, ढवळलं. बाहेर आणून त्याच्या हातात दिला.

त्यानं पेला दोन्ही हातांत धरला.

"घरात घास फिरतो रे तोंडात," तो म्हणाला. पंधरा दिवसांत एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदा बोलत होता. "तुझ्याकडचा चहा तेवढा घशाखाली उतरतो."

पेला ओठाला लागला.

"पिऊ नको," मी म्हणालो.

"का?"

"गोळी आहे त्यात. पूड करून टाकलीय."

त्यानं पेल्यात बघितलं. मग त्यानं तो हळूहळू जमिनीवर ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत.

"तिला ठाऊक आहे?"

मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजेच सांगणं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"म्हणजे घरातलं पाणीसुद्धा आता हुंगून प्यायचं," तो म्हणाला. पेला ओंडक्यावर ठेवला आणि उठून गेला. ओरडला असता, शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

दहाच्या सुमाराला वहिनी धावत आली. तो घरी पोचलाच नव्हता. मी भट्टी तशीच जळती टाकली. त्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. नांगरून पडलेल्या रानातली माती उठून डोळ्यांत, दातांत जात होती, पन्नास पावलांवरचं झाड दिसत नव्हतं. लाकडाच्या वखारीत बघितलं, नव्हता. विहिरीत वाकून बघितलं. तिथंही नव्हता. मग मी कालव्याकडे पळत सुटलो.

पाणी सोडायची जी लोखंडी दारं आहेत तिथं, काठावर, तो पाय खाली सोडून बसला होता. कालवा तुडुंब होता. दारापाशी पाणी भोवरा धरून आत ओढत होतं.

"जवळ येऊ नको."

"नाही येत. इथंच बसतो." मी दहा हातांवर मातीत बसलो. आडवळणानं विचारायचा माझा स्वभाव नाही, म्हणून सरळ विचारलं, "जीव द्यायला आलास का?"

तो खाली पाण्याकडेच बघत होता.

"ठरवून नाही आलो," तो म्हणाला. "पण इथं बसल्यावर, उठून परत जायला काही कारण सापडेना."

"मग बस. मीही बसतो."

"भट्टी पेटती टाकून आलास."

"विझेल ती."

वारा आमच्या दोघांवर माती ओतत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हतो, त्याच्या हातांकडे बघत होतो. काठाला त्यांनी कसं धरलंय तेवढंच.

"तुला वाटतं मी हट्टी आहे," थोड्या वेळानं तो बोलायला लागला. "चुलत्याला मी भरवायचो. घास तोंडात घातला की तो चावायचाच विसरायचा. मी गालावर टिचकी मारायचो, मग चावायचा. मी ठरवलं होतं, काही झालं तरी असा बसणार नाही. आणि काल मी बादली घेऊन उभा. तू ओत म्हणतोयस ते ऐकू येत होतं रे मला. हात उचलत नव्हता. गोळी न घेताच चुलता झालो मी."

"मला गोळीतलं काही कळत नाही," मी म्हणालो. "तुलाही कळत नाही. ज्याला कळतं त्याला जाऊन विचारू. बाजारगावात डॉक्टरीणबाई आहे, मनाच्या दुखण्याचीच. सगळं तू विचार. घ्यायची का नाही ते तू ठरव. मी तुला घे म्हणणार नाही. आणि पुन्हा तुझ्या खाण्यापिण्यात काही मिसळणार नाही."

"तीपण दोन मिनिटांत हाकलेल."

"हाकललं तर तिथंच बसून राहू. मला उचलायला चौघं लागतात."

तो हसला नाही. पण त्यानं एक पाय वर घेतला. मग दुसरा. मी उठलो तेव्हा घामानं आणि मातीनं माझ्या विजारीचा चिखल झाला होता.

"सांगितलं नसतंस तर प्यायलो असतो," चालताना तो म्हणाला. "सांगितलंस म्हणून येतो."

त्या दिवशी त्याला एकटं सोडलं नाही. वहिनीनं फवारणीचं औषध आणि दोरखंड गुपचूप नाही, त्याच्यादेखत माझ्या घरी पाठवून दिले. तो बघत राहिला. सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही तिघं बाजारगावी गेलो.

डॉक्टरीणबाई पोरगेलीच होती. तिला बघून माझा धीर सुटला. पण तिनं कागद बाजूला सारला आणि म्हणाली, "आधी तुम्ही बोला." गुण्या बोलेना. ती थांबून राहिली. बाहेर लोक ताटकळत होते तरी थांबून राहिली. मग त्यानं चुलत्याचं सांगितलं, कालव्याचंही सांगितलं. कालव्याचं ऐकताना तिनं लिहायचं थांबवलं.

"चुलत्यांना काय आजार होता, कोणतं औषध होतं, मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्या वेळची काही औषधं फार जड होती. तुम्ही भ्यालात यात काही चूक नाही. मी देतेय ती गोळी वेगळी आहे, आणि अर्ध्यापासून सुरू करू."

"हात थरथरेल?"

"क्वचित कुणाचा थरथरतो. तसं झालं तर मला सांगायचं, आपण बदलू. सुरुवातीला मळमळेल, तोंड कोरडं पडेल. पहिल्या दिवसांत घालमेल वाढली किंवा पुन्हा कालव्याकडे जावंसं वाटलं तर त्याच घडीला यायचं, दिवस-वार बघायचा नाही. आणि फरक पडायला तीनचार आठवडे लागतील. उद्या बरं वाटेल असं मी म्हणत नाही."

"सवय लागली म्हणजे? जन्मभर?"

"दारूसारखी ओढ नाही लागत. पण आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, कमी करत जायचं, तेही मला विचारून. आणि नुसत्या गोळीवर मी तुम्हाला सोडणार नाही. दर आठवड्याला बोलायला यायचं."

गुण्यानं गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी करून बघितली, लाकडातली गाठ बघावी तशी. "घेऊन बघतो," म्हणाला. "घेतो म्हणत नाही."

पुढचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, आणि ती मुंगीही मधूनच वाट चुकते. पहिल्या आठवड्यात त्याला सारखं मळमळायचं. दुसऱ्या आठवड्यात एकदा त्यानं गोळ्यांचं पाकीट माझ्या ऐरणीवर आपटलं. "काडीचा फरक नाही. नुसतं पोट ढवळतंय. बंद करतो."

माझ्या तोंडावर आलं होतं, घे की मुकाट. वहिनी दारात उभी होती, तिच्याही. पण मी शब्द दिला होता. "तू ठरव," मी म्हणालो. "पण बंद करायची तर डॉक्टरीणबाईला सांगून करू. चल, आत्ता जाऊ." आणि मी खरंच हात धुतले. त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं. गेलो. तिनं जेवणानंतर घ्यायला सांगितली, पुढं मात्रा वाढवली. येताना सगळ्या वाटेत तो माझ्याशी बोलला नाही.

रोज सकाळी मी त्याच्याबरोबर बांधाबांधानं चालायचो. बोलला तर बोलायचो. नाही तर नुसतं चालायचं. काही दिवशी तो अंथरुणातून उठतच नसे. मग मी उंबऱ्यावर बसून विळ्याला धार लावायचो आणि निघून यायचो. गावातले दोघेतिघे मला विचारून गेले, गुण्याला काय वेड लागलं का. एकाला मी म्हणालो, तुझा गुडघा दुखावला तेव्हा तुला वेड लागलं का असं मी विचारलं होतं का.

सहाव्या आठवड्यातली गोष्ट. दुपार होती. मी आणि वहिनी त्याच्या परसात धार लावायची खुरपी बघत होतो, तो भिंतीला टेकून बसला होता. शेजाऱ्याचं वासरू दावं तोडून आलं आणि सरळ वालाच्या वाफ्यात शिरलं. कोवळे वेल कचाकचा खायला लागलं. मी उठणार, तेवढ्यात वहिनीनं माझा दंड धरला. घट्ट धरला.

"थांबा भावजी," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"अहो, वाफा संपवेल."

"संपवू दे. थांबा."

गुण्यानं मान वळवली. वासराकडे बघितलं. पुढचा वेल गेला, त्याच्या पुढचा गेला. वहिनीची बोटं माझ्या दंडात रुतत होती. मग गुण्या भिंतीला हात लावून उठला, धोतर वर खोचलं आणि वासराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्याच्यामागं धावत सुटला. वासरू वाफ्यातून आडवं, हा त्याच्यामागं आडवा. वासरानं खाल्ले त्याच्या दुप्पट वेल त्यानं स्वतःच तुडवले. कुंपणापाशी पाय घसरून उताणा पडला, चिखलातूनच एक ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते वासराला लागलं नाही, शेजाऱ्याच्या पत्र्यावर वाजलं.

शेजारी बाहेर येऊन तंडायला लागला आणि गुण्या त्याला उलट उत्तरं द्यायला लागला.

वहिनीनं माझा दंड सोडला. वाफ्याची पार माती झाली होती. ती त्यात जाऊन बसली आणि उरलेले वेल एकेक करून सरळ करायला लागली.