दोन बोटांची फळी

दिराने मासा ती विणत असलेल्या जाळ्यावरच टाकला. जेमतेम वीतभर मरळ. अजून एकदाही अंडी न घातलेली.

“वहिनी, ओळखा पाहू, कुणाच्या जाळ्यातली?”

“तुमच्या सासुरवाडीच्या असेल. त्यांच्या जाळ्यांतून पाणीसुद्धा सुटत नाही.”

“तुमच्या. याच हातांनी विणलेल्या.”

तिचे हात थांबले नाहीत. जलाशयातल्या मरळी वर्षागणिक लहान होत चालल्या होत्या, आणि माणसांनी त्यावर माणसांना शोभेल असाच उपाय शोधला होता: जाळ्यांची घरे बारीक केली. पिल्ले सापडू लागली, तेव्हा हॉटेलांनी त्यांना ‘कोवळी मरळ’ असे लाडाचे नाव देऊन भाव चढवला. इतर मासे खाते म्हणून जिला नावे ठेवायची, तिची पोरे खाताना कुणाचा घास अडला नाही. तिने मात्र सासऱ्यांची लाकडी फळी सोडली नव्हती. दोन बोटे रुंद. तिच्याभोवती दोरा घेऊन एकेक गाठ मारली, की घर असे पडे की पिल्लू निसटून जाई. बारीक जाळी कापून टाकण्याचा ठराव संध्याकाळी मच्छीमार संस्थेच्या सभेत तीच मांडणार होती.

“मला सभेत गप्प बसवायचंय तुम्हाला.”

“तुम्हाला? ते दादालाही जमलं नाही.” दीर हसला. मग हसू आवरून म्हणाला, “खोटं बोलत असेन, तर ढकला मला धरणात.”

तो गेल्यावर ती माळ्यावर चढली. फळी नवी असताना सासऱ्यांनी विणलेले जाळे तिथे पडून होते. तिने दोरा ताणून दोन गाठींमध्ये फळी धरली. फळी अर्ध्या बोटाने तोकडी पडली.

तिने पुन्हा धरली. मग कडेवरून अंगठा फिरवला. वर्षानुवर्षे नायलॉनचा दोरा घासून कड काचेसारखी गुळगुळीत झाली होती. इतरांनी जे हावेपोटी केले, ते तिने निष्ठेने केले होते. त्यातला फरक माशाला कळण्याचे काही कारण नव्हते.

ती खाली आली आणि करवत शोधू लागली.

दीर तिला सभेला बोलवायला आला, तेव्हा दारात जाळ्यांचा ढीग होता. वर सकाळचे अर्धवट विणलेले. खिडकीत जुन्या जाळ्यावर मापून कापलेली कोरी फळी.

“ठराव मागे घेताय?”

“मांडतेय.”

“मग ही कुठं निघाली?”

“कात्री आधी यांच्यावर चालेल. मग बोलू दे कुणाला काय बोलायचंय ते.”

दिराने ढिगातली दोन-तीन जाळी उलटून पाहिली.

“वहिनी, यातली निम्मी माझ्या होडीतली आहेत.”

तिने झिजलेली फळी कमरेला खोचली आणि वाकून ढिगाची एक बाजू उचलली.

“म्हणूनच म्हणते, भावोजी. दुसरं टोक धरा.”