तीन बोटं खाली

आमच्या ह्यांची उंची सहा फूट आणि माझी जेमतेम पावणेपाच. लग्नात हार घालून घ्यायला हे वाकले, ते शेवटचं वाकणं. त्यानंतर घरातली एकूण एक गोष्ट ह्यांच्या मापाची. आरसा उंच, कपड्यांची दोरी उंच, आणि स्कूटर तर एवढी उंच की मी बसले की पायाचे अंगठे तेवढे जमिनीला टेकणार. इतकी वर्षं मी त्यावर काही बोलले नाही. लायसन्स माझ्याकडेही आहे, पण चालवायचे हे आणि मागे बसायचे मी.

दिवाळीनंतर ह्यांना ते व्हायला लागलं. जेवता जेवता घास हातात तसाच, डोळे उघडे, आणि माणूस जागेवर नाही. हाक मारा, खांदा हलवा, ढिम्म. थोड्या वेळाने परत यायचे आणि "आमटी वाढ" म्हणायचे, जसं काही झालंच नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी मला आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं, हा फिटचाच प्रकार आहे, गोळ्या नीट लागू पडेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. हे म्हणाले, "बरं." आणि घरी आल्यावर? "डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते, हेमा. मला काही होत नाही, तुला वाटतं." दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढून भाजी आणायला गेले. बेंगळुरातल्या सर्जापूर रोडवर! जिथे धडधाकट माणूस रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरतो!

विमानांच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढलेला हा माणूस. विद्याधर साहेब म्हटलं की तिथे अजून लोक उठून उभे राहतात. त्यांना मी कोण सांगणार? किल्ली लपवली तर दुसरी निघाली. भांडले तर अबोला धरला. वर मला शपथ घातली, की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये, प्रांजलीलासुद्धा सांगायचं नाही. प्रांजली आमची मुलगी, असते पुण्याला. मी एकच गोष्ट मिळवली. दोघांच्या फोनवर एकमेकांचा ठावठिकाणा दिसेल असं करून घेतलं. हे भाजीला गेले की मी तो निळा ठिपका बघत बसायचे. ठिपका कुठे थांबला की तो परत हलेपर्यंत मी जागची उठायचे नाही.

मग माझ्या डोक्यात आलं, सीटच खाली करून घ्यावी. एका दगडात दोन पक्षी. मला गाडी चालवता येईल, आणि ह्यांचे गुडघे पुढे आपटायला लागले की आपोआप सोडतील. वाकड्यात शिरायचं नाही, फक्त फोम कापायचा. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. हे दुपारी झोपले, मी हळूच दार ओढून घेतलं, आणि अंगठ्यावर तोल सांभाळत, देवाचा धावा करत कोरमंगल्याच्या एका मागच्या गल्लीत सीट कव्हरच्या दुकानात पोचले.

दुकानदार मालोजी. साठीचे, तोंडात कायम दोरा, कपाळाला अंगारा. मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी मला सीटवर बसवलं, माझ्या टाचेखाली आडवी बोटं धरली आणि म्हणाले, "तीन उंगली." मी कानडीत होकार दिला, "सरी, करा." त्यांनी सीट उलटी केली, पिना उचकटल्या, रेग्झीन सोलून बाजूला ठेवलं आणि पुढच्या भागातला फोम लांब सुरीने कापायला घेतला. मागच्या माणसाची जागा होती तशीच ठेवली. कापलेला तुकडा पायाशी पडला, आता मागे फिरणं नाही. हे खवळणार होते.

तेवढ्यात प्रांजलीचा फोन. "आई, आवाज असा का गं?" एवढंच विचारलं तिने. आणि माझा बांध फुटला. शपथ गेली खड्ड्यात! तिथेच स्टुलावर बसून मी सगळं सांगितलं. बाबांना झटके येतात, ते मानत नाहीत, डॉक्टरांनी बंदी घातलीय तरी चालवतात, काल तर भाजीवाल्यासमोर पैसे हातात धरून तसेच उभे राहिले आणि तो हसला गं, मी सीट कापून घेतेय चोरून. रडतही होते, ओरडतही होते. लाज वाटायचं काय कारण? बेंगळुरात आम्ही सगळे हेच करतो. लिफ्टमध्ये, बँकेत, डॉक्टरच्या बाहेर, खुशाल मराठीत घरचं काढतो. कुणाला कळतंय?

फोन ठेवला तेव्हा मालोजी सीट गाडीवर बसवत होते. आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून हे उतरत होते.

ठिपका! ह्यांच्या फोनवर माझाही ठिपका दिसतो, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. हातात स्वतःचं हेल्मेट. म्हणजे स्कूटर घेऊन जायचं ठरवूनच आले होते.

"हे काय चाललंय?" आवाज अगदी शांत. हे शांत बोलले की मला जास्त भीती वाटते.

"मला पाय टेकत नाहीत. सीट खाली करून घेतली."

ह्यांनी खाली पडलेला फोम उचलला, दाबून पाहिला आणि मालोजींना हिंदीत म्हणाले, "हा परत लावा. आत्ता. चिकटवता येतो ना?"

"येतो," मालोजी म्हणाले. दातातला दोरा काढला, माझ्याकडे बघितलं, आणि स्वच्छ मराठीत बोलले, "पण नको साहेब. आमी नाय लावणार. तुमास्नी झटके येतात म्हणं. अक्का रडत होत्या की लेकीजवळ. गाडी नका चालवू तुमी."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मराठी! आजोबांच्या आजोबांपासून इथे राहिलेली मराठा माणसं या शहरात गल्लोगल्ली आहेत, मला काय माहीत नव्हतं? पाटीवर नाव मालोजी, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. शेजारच्या पंक्चरवाल्याने मान वर करून बघितलं.

"दुकानात सांगितलंस," हे म्हणाले. "हेमा, तू दुकानात सांगितलंस."

"अहो, मी प्रांजलीला—"

"तिलाही!"

ह्यांनी खिशातून दुसरी किल्ली काढली, हेल्मेट घातलं आणि सीटवर बसले. गुडघे थेट पुढच्या पत्र्याला लागले. तसेच फाकवून गाडी सुरू केली. "नका जाऊ," मी म्हटलं. मालोजींनी हँडल धरलं, ह्यांनी त्यांचा हात झटकला. मला दुसरं काही सुचलं नाही. मी हेल्मेट डोक्यात कोंबलं आणि मागे चढून बसले.

"उतर."

"नाही उतरत! जायचं तर मला घेऊन जा. काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे!"

गाडी सुटली. मागची सीट आता पुढच्यापेक्षा उंच, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मला ह्यांच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसत होता. नसता दिसला तर बरं. रिक्षा, टँकर, उलट्या बाजूने येणारी डिलिव्हरीवाली पोरं. मी ह्यांच्या मानेकडे बघत होते. मान हलत होती तोवर ठीक. हे मध्ये मध्ये बोलत होते, तेही ठीक. बोला, शिव्या द्या, पण बोलत राहा, असं मी मनात म्हणत होते.

"ब्रेक मारतोय की नाही वेळेवर? वळलो की नाही नीट?" हे म्हणाले. "आता हा सिग्नल लागला, थांबलो. बघ. आणि ही बस, किती धूर सोडतेय नालायक."

थांबलो होतो खरं, पांढऱ्या पट्टीच्या अगदी अलीकडे. डाव्या हाताला खेटून निळी बस उभी होती.

"बरं, नीट थांबलात," मी म्हटलं.

उत्तर नाही.

"अहो."

मान हलेना. सिग्नल हिरवा झाला. बस निघाली, शेजारच्या गाड्या निघाल्या, मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. ह्यांचा उजवा हात ॲक्सिलरेटरवर आणि इंजिन चालू. मनगट जरा पिरगळलं गेलं असतं तर आम्ही कुठे जाऊन आदळलो असतो कुणास ठाऊक. मी हात लांब केला, माझा आखूड हात किल्लीपर्यंत पोचेना. मग मी उतरले, त्या तसल्या गर्दीत. एक रिक्षा माझ्या साडीला घासून गेली, रिक्षावाला कानडीत ओरडला, "होगी अम्मा, होगी!" जा म्हणे! कशी जाऊ? मी पुढे वाकून किल्ली फिरवली आणि हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं. गाडी पडली नाही, कारण ह्यांचे दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले होते. डोळे उघडे. मी समोर उभी होते आणि हे माझ्याकडे बघत नव्हते. मी रडत होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

सिग्नल पुन्हा लाल झाला.

ह्यांनी एकदोनदा ओठ चाटले, पापण्या मिटल्या, उघडल्या. मग माझ्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"अगं, उतरलीस कशाला? सिग्नल लागलाय अजून. बघ ना, लाल आहे."

कितीदा मनात ठरवलं होतं, की एकदा रंगेहाथ सापडू देत, मग असं सुनावेन! आणि आता सापडले होते तर मला ते नको होतं. खोटं बोलावं, हो म्हणावं, असंच वाटलं.

ह्यांनी डावीकडे बघितलं. तिथे पाण्याचे कॅन भरलेला टेम्पो उभा होता.

"इथे बस होती," हे म्हणाले.

"होती."

"गेली?"

"गेली. सिग्नल सुटला होता. परत लागला."

हे त्या टेम्पोकडे बघत राहिले. मग किल्लीकडे बघितलं, माझ्या हँडलवरच्या हातांकडे बघितलं. वाद घालतील, म्हणून मी कंबर कसून उभी होते. वाद घातला नाही. ह्यांनी ॲक्सिलरेटरवरचा हात आपणहून काढला. इतक्या वर्षांत असं कधी बघितलं नव्हतं.

एक पाय उचलून हे खाली उतरले. गाडी माझ्याकडे झुकवली. मी बसले, आणि दोन्ही टाचा रस्त्यावर टेकल्या. हे मागे बसले, त्या लांबलचक पायांची कशीबशी घडी घालून. गाडी खचली, डुगडुगली, मी सावरली. समोर सिग्नलवर सेकंदांचे आकडे उतरत होते, आता कुठल्याही क्षणी सुटणार. मागे हे नुसतेच चुळबुळत होते. एक हात सीटच्या मागे गेला, परत आला, मांडीवर ठेवला, उचलला.

"हेमा," ह्यांनी विचारलं, "धरू कुठे?"

"मला धरा," मी म्हटलं, आणि सिग्नल सुटला.