न सुटलेली वळकटी

मित्रांनो, मी एक जुना ब्राउझर आहे. इंटरनेटवरची पानं मागवायची आणि पडद्यावर मांडायची, एवढंच माझं काम. आता मंठ्यातल्या एका बंद संगणकात पडून आहे, आणि खरं सांगू, मला तेच शोभतं.

मला लिहिलं राजूरच्या बद्रीनाथने, २००१ साली. त्याचा मामेभाऊ रामकिसन मंठ्यात नेटकॅफे चालवायचा. टेलिफोनची लाइन इतकी मंद, की एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी अंगाने हलका, जुन्या संगणकावरही पळायचो. "बद्रीचा ब्राउझर लई गुणाचा," असं रामकिसन येईल त्याला सांगायचा. माझ्या कौतुकापायी त्याने बाकीचे ब्राउझर काढूनच टाकले. मी पार फुगून गेलो होतो.

मग बद्रीनाथने मला नवी विद्या शिकवायला घेतली. पान लवकर पोचावं म्हणून पाठवणारा संगणक ते आवळून, वळकटी बांधून पाठवतो. मात्र ब्राउझरने आधी कळवावं लागतं, 'मला वळकटी सोडता येते.' हे कळवणं बद्रीनाथने पहिल्याच दिवशी लिहिलं. सोडायची कशी, ते उद्यावर टाकलं आणि नोकरीच्या गडबडीत विसरला. दोन-चार पानं उघडून पाहिली, ती नेमकी साधीच आली. मी आपला जिथे तिथे 'येते, येते' म्हणत सुटलो. वळकटी बांधणारे संगणक तेव्हा थोडेच, म्हणून माझं खोटं उघडं पडलं नाही.

पुढच्या जूनमध्ये कॅफेत सत्यशीला नावाची मुलगी आली. तिने नर्सिंगला अर्ज केला होता. मुलाखतीची यादी आणि तारीख इंटरनेटवरच लागणार होती. मी पान मागवलं, वळकटी आली, आणि मी ती तशीच पडद्यावर ओतली. नुसते चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं.

रामकिसनला नवल वाटलं नाही. तेव्हा मराठी पानांना ज्याचा त्याचा फॉन्ट लागायचा, नसला की असाच कचरा दिसायचा. "फॉन्ट न्हाई ताई. जालन्याहून आणून टाकतो, मंग बराबर दिसंल," तो म्हणाला.

तीन दिवस तो फ्लॉपीतून फॉन्ट आणत राहिला. तीन दिवस सत्यशीला एसटीने येऊन बसून राहिली. कॉलेजला फोन लावला, तर 'इंटरनेटवर बघा' एवढंच उत्तर.

"दादा, तारीख निघून तर न्हाई ना जाणार?" ती विचारायची. दोष माझा होता आणि मला तो सांगता येत नव्हता.

चौथ्या दिवशी बद्रीनाथ आला. पडदा पाहताच त्याचा चेहरा उतरला. "ही फॉन्टची भानगड न्हाई रे. चूक माझी हाय. ह्याला सोडायचं शिकवलंच न्हाई मी." दोन तास बसून त्याने राहिलेलं काम पुरं केलं. पान उघडलं. सातवं नाव सत्यशीलाचं होतं. मुलाखत आदल्या दिवशी होऊन गेली होती.

तिने पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नाव तर होतं की. छापून द्या दादा, घरी दाखवते." कागदाची घडी घालून तिने पिशवीत ठेवली. परत ती कधी आली नाही.

पुढे मी हजारो वळकट्या सोडल्या. कौतुकही झालं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मित्रांनो, लाज वाटली तरी येत नसेल ते 'येत नाही' म्हणा. मी तेवढं म्हणालो असतो, तर ते पान साधंच आलं असतं. जरा सावकाश आलं असतं, पण सत्यशीलाला पहिल्याच दिवशी वाचता आलं असतं.