पापुद्र्याखालची काच

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं न मागता वर धार घातली तरी मला त्यात पाणी दिसतं. त्यामुळे सोमवारी सकाळी माझं उत्तर अमरसिंहच्या मोजमापाशी तंतोतंत जुळलं, तेव्हा आनंद झालाच नाही. शंका आली.

आमचं काम असं: तीन अणूंइतक्या जाडीच्या अर्धवाहकाच्या पापुद्र्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन उडतो, मागं रिकामी जागा राहते, आणि दोघं एकमेकांना ओढत जोडीनं फिरतात. त्या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. पापुद्रा काचेतल्या खळग्यावर हवेत अधांतरी ताणलेला असेल तर जोडी घट्ट. खाली काच आली की ओढ सैल होते, नवराबायकोच्या मध्ये सासूबाई येऊन बसल्यावर होते तशी. आम्ही त्याला स्क्रीनिंग म्हणतो. जोडी किती घट्ट, हे मी संगणकावर मॉडेल करून काढते आणि अमरसिंह प्रयोगशाळेत मोजतो.

अधांतरी पापुद्र्याचं माझं उत्तर आठ महिने ०.६२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येत होतं, त्याचं ०.४१. "तुझं मॉडेलच चुकतंय, अवंतिका," असं आमच्या गाईड चारचौघांत म्हणायच्या. त्यांना सगळा विभाग माई म्हणतो. मी घरी जाऊन रडायचे. आणि आज अचानक माझंही ०.४१! आमचा पेपर संध्याकाळी पाचला जर्नलकडं पाठवायचा होता, त्यावर पहिलं नाव माझं.

त्यात अमरसिंहनं शिरोळहून आणलेला भडंगाचा पुडा स्वतःहून माझ्यापुढं सरकवला. एरवी हा माणूस शेंगदाणे वेचून खातो आणि उरलेले चुरमुरे पुढं करतो. मी मॉडेलची फाइल उघडली. आमच्या संगणकाला पासवर्ड नाही, कुणीही बसतं. पापुद्र्याखालच्या माध्यमाचा आकडा मी १ ठेवला होता, म्हणजे हवा. तिथं २.१ होतं. म्हणजे काच.

नुसतं उत्तर जुळवायला कुणी आकडा घुसडला असता, तर तो कसलाही असता. हा नेमका काचेचा होता. पापुद्रा खाली टेकलाय हे ज्याला ठाऊक होतं, त्यानंच तो लिहिला होता.

"अमरसिंह, तुझा पापुद्रा काचेला टेकलाय?"

तो भडंग चिवडत राहिला. "व्हय. मार्चातच बसला की खाली."

"आणि आठ महिने मला चुकीची ठरू दिलंस?"

"मी सांगितलंतं गं. तुला न्हाय," तो मान वर न करता म्हणाला. "माईंना."

मी सगळ्या जगावर संशय घेते. माईंवर कधी घेतला नव्हता.

माई दारातच उभ्या होत्या. "आकडा मीच बदलायला सांगितला," त्या शांतपणे म्हणाल्या. "अधांतरी पापुद्र्यावर मोजलं, असं सगळीकडं सांगून झालंय. आता मागं कसं फिरायचं? आणि नाव तुझंच पहिलं आहे."

रडू आलं नाही. संताप आला. मी पेपर उघडला, शीर्षकातला 'अधांतरी' शब्द खोडला आणि 'काचेवरचा' असं लिहिलं.

"काचेवरचं शंभर जणांनी केलंय. कोण छापणार?"

"मग आपण एकशे एकावे."

माईंनी माउससाठी हात पुढं केला. मी माउस सोडला नाही.