तीन महिन्यांची साखर

निवृत्त हेडमास्तरांनी खुर्चीत बसून शर्टाची बाही कोपराच्या वर चढवली आणि रक्त घेणाऱ्या बाईंना आपण होऊन सांगितलं की तयारी पूर्ण आहे.

त्यांचं ब्लडप्रेशर दोन वर्षं हट्टाला पेटलं होतं. ही दुखणी पुष्कळदा जोडीनं येतात, म्हणून डॉक्टरांनी या वेळी रक्तातली साखरही तपासायला सांगितली. नापास होण्याची हेडमास्तरांना सवय नव्हती. चार दिवस त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, बिस्किटांचा डबा कपाटावर चढवला आणि मैदानाला इतक्या फेऱ्या मारल्या, की तिथला माळी त्यांना चुकवू लागला. सुई टोचून होईपर्यंत त्यांनी हे सगळं बाईंना तपशीलवार ऐकवलं.

"सर, एका तपासणीत आजची साखर कळेल," बाई म्हणाल्या. "दुसरीत मागच्या तीन महिन्यांची."

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणाऱ्यांना हेडमास्तरांनी चाळीस वर्षं फैलावर घेतलं होतं. आणि मागच्या तीन महिन्यांत दोन लग्नं झाली होती. दोन्हीकडे त्यांनी आग्रहाचा मान राखला होता.

दुसरी तपासणी तीन महिन्यांनी दिली तर चालेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. बाईंनी नळीवर त्यांचं नाव चिकटवलं.

दाराजवळच्या बाकावर त्यांची बायको तोंडावर रुमाल धरून हसत होती. बाई तिच्याकडे वळल्या.

"काकू, तुम्हाला बीपी?"

"आहे ना. आठ वर्षं गोळी चालू आहे."

"साखर कधी तपासली?"

तिनं आठवून पाहिलं. "नाही बाई. घरात यांचंच काही ना काही चालू असतं."

हेडमास्तरांनी हातावरचा कापूस दाबून धरला. बायकोची गोळी कोणती, ते त्यांना आठवेना. मग लक्षात आलं, आपण कधी विचारलंच नाही.

सकाळपासून काही खाल्लंय का, असं बाईंनी तिला विचारलं.

"हे उपाशी, मग मी कुठली खातेय?"

हेडमास्तर उठले. आपण नुसत्या सोबतीला आलोय, असं ती म्हणत राहिली. तिची पर्स त्यांनी स्वतःकडे घेतली आणि खुर्ची पुढे ओढली. ती बसली. बाईंनी कागदावर लिहायला तिचं वय विचारलं, तेव्हा त्यांनी घाईघाईनं सांगितलं आणि ते चार वर्षांनी चुकले.

कमी सांगितलं होतं. बायकोनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.