मला आधी पाडायला हवं होतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. जुनी म्हणजे वयानं. अंगाकडे पाहाल तर म्हणाल, कालच दुकानातून आणली. टाकीवर एक ओरखडा नाही, चाकांच्या तारांत मातीचा कण नाही. पण एवढ्यावरून माझं कौतुक करू नका. माझ्या या चकचकीत अंगापायी एका बाईचा पाय कायमचा अधू झाला. ती हकीकत मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ज्यांनी मला घडवलं त्यांनी मला आरशासमोर मिरवायला घडवलं नव्हतं. त्यांनी मला उंच केलं, पोटाखाली जाड पत्रा लावला आणि दोन्ही बाजूंना लोखंडी नळीचं कडं बसवलं. ते कडं कशासाठी, ठाऊक आहे? पडण्यासाठी. खडी, वाळू, ओढा, चिखल असल्या जागी मी जाणार, आणि जाणार म्हणजे कधीतरी पडणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. वजन मात्र दांडगं दिलं. दोन धडधाकट माणसं माझ्यावर बसली, तरी त्या दोघांपेक्षा मी एकटी भारी.

मला विकत घेतलं एका दातांच्या डॉक्टरांनी. माणूस वाईट नव्हता. उलट त्यांनी मला जेवढं जपलं तेवढं कुणी पोटच्या पोराला जपत नसेल. दवाखान्यातून आले की हात धुवायचे आणि थेट माझ्याकडे यायचे. मऊ ब्रशनं माझ्या कानाकोपऱ्यातली धूळ काढायचे, आणि तीही अशी हळुवार, की जणू मला कळ येईल. वेग दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवरचा दुकानातला प्लॅस्टिकचा कागद त्यांनी कितीतरी काळ काढलाच नव्हता. शेजारचं पोर नुसतं जवळ आलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मी घरापासून दवाखान्यापर्यंत जायची, रविवारी मित्रांच्या गाड्यांशेजारी उभी राहायची, आणि लोक म्हणायचे, "वा डॉक्टर, काय ठेवलीय गाडी!" खोटं का बोलू, तेव्हा मीही शेफारले होते.

डॉक्टरांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. वहिनी तलावावर लहान मुलांना पोहायला शिकवायच्या. खणखणीत आवाज, उन्हानं रापलेले दंड आणि चालणं असं, की जिना त्या दोन-दोन पायऱ्या गाळून चढायच्या. माझ्या मागच्या सीटवर बसायला त्यांना मनापासून आवडायचं. पुढे डॉक्टरांच्या रविवारच्या मित्रांनी डोंगरापलीकडच्या तळ्यावर जायचं ठरवलं. रस्ता बराचसा कच्चा. डॉक्टर म्हणाले, आपण दोघं जाऊ. वहिनी म्हणाल्या, जाऊ की, पण आधी शिकून घ्या. डांबरी रस्ता वेगळा आणि हा वेगळा.

आता डॉक्टरांना दोन दारं उघडी होती.

पहिलं दार होतं मैदानावर गाडी शिकवणाऱ्या एका बाईंचं. या बाई तरुणपणी शर्यती मारलेल्या आणि त्याचा ताठा अजून उतरला नव्हता. पैसे चिकार घ्यायच्या आणि बोलायच्या असं, की नाकाला मिरच्या झोंबाव्यात. आम्ही गेलो तेव्हा त्या पत्र्याच्या शेडखाली काळा चष्मा लावून बसल्या होत्या. मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "लग्नाला आणलीत, की शिकायला?"

मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. पहिला सगळा दिवस कुणी गाडीवर बसायचंच नाही. प्रत्येकानं आपली गाडी स्वतःच्या हातानं जमिनीवर आडवी करायची आणि एकट्यानं उचलायची. गाडीकडे पाठ करून, गुडघ्यात वाकून, कंबरेवर नाही तर पायांवर जोर घेत, मागे मागे सरकत. डावीकडे पडली तर कशी, उतारावर पडली तर कशी, खाली कुणाचा पाय अडकला तर कशी, सगळं करायचं. दुसऱ्या दिवशी गाडीच्या शेजारून चालत क्लचवर ती चालवायची. मग कुठे वर बसायचं, तेही माणसाच्या चालीपेक्षा हळू.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. अजीजीनं म्हणाले, आमची गाडी कोरी आहे हो, तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या गाडीवर नाही का शिकवता येणार?

"तुमच्या पेशंटचा दात दुखला, तर शेजाऱ्याचा उपटता का?" बाई म्हणाल्या.

झालं. मैदानावरची चार माणसं हसली आणि डॉक्टरांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. तिथून घरापर्यंत त्यांनी मला जरा जास्तच पिळलं.

घरी वहिनींनी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, मी तरी मुलांना पहिल्या दिवशी काय शिकवते? पाण्यात तोंड घालायला. नाकातोंडात पाणी जातं, मुलं रडतात, त्यांच्या आया माझ्याशी भांडतात. पण जे पोर पहिल्या दिवशी पाणी पितं ते पुढे पाण्याला भीत नाही. बाईंची जीभ तिखट असेल, तुम्हाला काय तिच्याशी सोयरीक करायचीय? डॉक्टर मान हलवत राहिले. त्यांच्या मनात बाईंची जीभ नव्हतीच, मित्रांनो. त्यांच्या मनात माझी टाकी होती.

दुसरं दार होतं एका क्लबचं. तो चालवणाऱ्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. कुठल्या फौजेचा कॅप्टन, देव जाणे. गडी मोठा गोडबोल्या. डॉक्टरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला धूळसुद्धा लागणार नाही. आमच्या गाड्या आहेत ना!" एवढं ऐकलं आणि डॉक्टरांनी तिथल्या तिथे हो म्हटलं.

मला झाडाखाली उभं केलं आणि वर कापड घातलं. कापडाच्या फटीतून मी पाहत होते. क्लबच्या गाड्या शेळीसारख्या हलक्या. तोल गेला की एक पाय टेकायचा, गाडी सावरते. पडलीच तर कुणीही एका हातानं उभी करतं. डॉक्टर चिखल उडवत होते, मातीच्या उंचवट्यावरून उड्या मारत होते आणि कॅप्टनचा माणूस दणादण फोटो काढत होता. मोठं पोर जत्रेतल्या घोड्यावर बसावं तसे ते खूश होते. संध्याकाळी त्यांना जाकिटावर शिवायचा बिल्ला मिळाला. मी मात्र तिथे जशी गेले तशीच परत आले. डॉक्टर पाय टेकायला शिकले होते. माझ्यासारखीला पाय टेकून काही उपयोग नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या दिवशी दारात वहिनी म्हणाल्या, एकदा आडवी करून उचलून दाखवा ना मला. मनाला बरं वाटेल. डॉक्टर हसून म्हणाले, "पडणारच नाही, तर उचलायची कशाला?" नवऱ्याचा उत्साह वहिनींना मोडवेना. त्यांनी हेल्मेट घातलं आणि त्या मागे बसल्या.

मित्रमंडळी पुढे निघून गेली होती. उताराचा रस्ता होता, सुटी खडी होती आणि वळण आलं. वेग म्हणाल तर काहीच नव्हता, म्हातारा माणूसही आम्हाला मागे टाकून गेला असता. पुढचं चाक खडीत सरकलं. डॉक्टरांनी पुढचा ब्रेक दाबला आणि कॅप्टनकडे शिकल्याप्रमाणे डावा पाय टेकला. मी जी कलंडले ती त्या पायाला काय दाद देणार? ते बाजूला उडी मारून मोकळे झाले. वहिनींना ते जमलं नाही. माझ्या बाजूला सामानाची पत्र्याची पेटी होती, तिच्या कडेखाली त्यांचा पाय सापडला.

त्या ओरडल्या नाहीत. दात आवळून एवढंच म्हणाल्या, "उचला."

डॉक्टर धावले. माझ्याकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि कंबरेतून वाकून हिसका दिला. मी वीतभर वर आले. खडीवरून त्यांचे बूट सरकले, हँडल फिरलं आणि मी परत खाली आले. त्याच पायावर. तेव्हा वहिनी ओरडल्या. डॉक्टरांनी पुन्हा तेच केलं, आणि पुन्हा तेच झालं. मग त्यांनी हात टेकले. ते रस्त्यात बसले आणि चक्क रडायला लागले. वहिनीच त्यांना सांगत होत्या, रडू नका, हाका मारा, कुणीतरी येईल. माझा सायलेन्सर तापलेला होता आणि तो त्यांच्या पोटरीपासून लांब नव्हता. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या डोंगरात बोंब ठोकली असती. जड असणं हा माझा गुन्हा नव्हता. पण मला त्या बाईच्या अंगावरून उठता येत नव्हतं, आणि ज्याला मला उठवता यायला हवं होतं त्यानं ते शिकायचं टाळलं होतं. कशासाठी? माझा रंग जाऊ नये म्हणून.

बऱ्याच वेळानं पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हर आणि डॉक्टर, दोघांनी मिळून मला बाजूला ओढलं. ड्रायव्हरनं वहिनींना टँकरच्या केबिनमध्ये निजवलं. डॉक्टर जाता जाता एकदा मागे वळले आणि त्यांची नजर माझ्या टाकीवरून फिरली. सवयीनं फिरली असेल. पण फिरली.

पुढचं थोडक्यात सांगते. माझं कडं बदललं, टाकी नवी आली, आरसा नवा आला, मी पहिल्यासारखी झाले. माझे भाग दुकानात मिळतात. वहिनींच्या पायात सळी घातली, मग काढली, मग पुन्हा घातली. घोटा वळेना तो वळेचना. तलावावर त्यांना ओल्या फरशीवर उभं राहता येईना, आणि मूल बुडायला लागलं तर उडी कोण घेणार? मग तलाववाल्यांनी त्यांना तिकिटाच्या खिडकीत बसवलं. आतून मुलांचा कालवा ऐकू येतो आणि त्या सुट्टे पैसे देतात.

याहून वाईट म्हणजे लोकांना डॉक्टरांनी काय सांगितलं ते. सांगितलं, की बाथरूममध्ये पाय घसरला. मित्रांना सांगितलं, वाटेतूनच परतलो आणि घरी हे झालं; नातेवाइकांना हेच, दवाखान्यातल्या पेशंटनाही हेच. वहिनींनी ते चालू दिलं. नवऱ्याची लाज राखली. मला गॅरेजमध्ये कापडाखाली उभं केलं. मी तिथे वर्षानुवर्षं उभी आहे, आणि डॉक्टर अजून येऊन मला पुसतात.

शेवटी डॉक्टरांनी मला विकायला काढलं, आणि परवा एक नवं लग्न झालेलं जोडपं मला बघायला आलं. डॉक्टरांनी मोठ्या झोकात कापड बाजूला केलं. नवऱ्यानं माझं हँडल धरलं आणि त्याचे डोळे असे लकाकले, की मला भूतकाळच समोर उभा दिसला. डॉक्टर सांगत होते, जपून वापरलीय, कधी पडली नाही. तेवढ्यात वहिनी काठी टेकत खाली आल्या. त्या मुलीनं आपुलकीनं विचारलं, "काकू, पायाला काय झालं?"

डॉक्टर पटकन म्हणाले, "बाथरूममध्ये घसरली."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी हे खोटं गिळलं होतं, कारण त्याची झळ फक्त त्यांनाच बसत होती. आता समोर दुसऱ्या कुणाची तरी मुलगी उभी होती.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "ही गाडी माझ्या पायावर पडली. यांना उचलता आली नाही. मागे बसायच्या आधी तुझ्या नवऱ्याला म्हणावं, हिला आडवी कर आणि उचलून दाखव. लाजू नकोस. मी लाजले."

मग त्या मुलीनं डॉक्टरांना सरळ विचारलं, "काका, आता येते का उचलता?"

डॉक्टर हातातल्या कापडाची घडी घालायला लागले. कारण येत नव्हती. बायकोचा पाय गेला, एवढी वर्षं गेली, तरी मला एकदाही जमिनीवर टेकवून पाहायचा धीर त्यांना झाला नव्हता.

जोडपं विचार करून कळवतो म्हणून निघून गेलं. डॉक्टर वहिनींना म्हणाले, "चांगली माणसं होती. घालवलीस." वहिनी कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेल्या. डॉक्टरांनी मऊ फडकं काढलं आणि त्या मुलाचा हात जिथे लागला होता ती जागा पुसली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मोठे झाल्यावर तुम्ही माझ्यासारखी गाडी घ्याल, तेव्हा शिकवणारं माणूस निवडताना त्याची जीभ गोड आहे का, फोटो झकास निघतात का, हे बघत बसू नका. तुमचीच गाडी ते तुम्हाला मातीत पाडायला लावतं का आणि एकट्यानं उचलायला लावतं का, तेवढं बघा. मला पोचे पडू द्या, माझा रंग उडू द्या. मी यंत्र आहे, मला दुखत नाही. माझी काळजी घेणारं माणूस मला जन्मभर मिळालं. त्या उतारावर वहिनींची काळजी घेणारं कुणीच नव्हतं.