मिस्त्रीच्या कॉलरवरचं शिसं

मेलेली बॅटरी उठवून बसवण्यात बॅटरी मिस्त्रीचा हात धरणारं कोणी नव्हतं. जुनी बॅटरी फोडायची, आतल्या शिशाच्या प्लेटा काढायच्या, शिसं वितळवून नव्या ओतायच्या. अकरा वर्षं हेच काम. आणि एवढं करून आपल्याला साधी सर्दीही होत नाही, हे तो येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. त्यामुळे बायकोला पाचवा महिना लागलेला असताना तिच्या रक्तात शिसं निघालं, असं दवाखान्यातल्या सिस्टरनी सांगितलं, तेव्हा त्याच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"बॅटऱ्या मी फोडतो. ही घरात बसलेली असते. हिच्या रक्तात शिसं काय उडून गेलं?"

"घरात बसलेली?" बायको म्हणाली. "तुमचे कपडे रोज झटकतं कोण? धुतं कोण?"

सिस्टर वयाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. पण या वेळी त्यांनी नुसता ओला कापूस घेतला आणि दुकानातून थेट आलेल्या मिस्त्रीच्या कॉलरवरून फिरवला. कापूस करडा झाला. कानामागून फिरवला, तर आणखी करडा.

"घरीही असेच जाता ना? ही धूळ हिच्या श्वासातून, हातातोंडातून आत जाते आणि नाळेतून बाळापर्यंत पोचते. बाळाचा मेंदू आत्ता घडतोय. पुढे त्याला बोलायला, शिकायला जड जाऊ शकतं. तुम्हाला सर्दी होत नाही, याचा त्याला काय उपयोग?"

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. घरी जाताना तो बायकोपासून चार पावलं लांब चालू लागला.

"अहो, लोकांना वाटेल भांडलोय आपण," ती म्हणाली. "या जवळ. फक्त कॉलर तिकडे करा."

दुसऱ्या दिवसापासून त्याने दुकानामागच्या नळावर आंघोळ सुरू केली. कामाचे कपडे तिथेच धुवायचे, तिथेच वाळवायचे, चपलाही तिथेच. घरी पोचल्यावर बायको दारातच ओला कापूस घेऊन उभी. "मान वळवा. दुसरा कान. हं, पास!" समोरच्या बाई हे बघायला मुद्दाम बाहेर येऊन बसू लागल्या.

दुकानाच्या मालकाला तर आयतीच करमणूक मिळाली. "काय मिस्त्री, आज कोणाच्या लग्नाला? अरे, माझी चार पोरं याच धुळीत झाली. काय बिघडलं?"

मिस्त्रीने सिस्टरांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकवलं. मालक हसला आणि चहा प्यायला निघून गेला.

चौथ्या दिवशी मात्र तो नळापाशी येऊन घुटमळला.

"ती रक्ताची तपासणी... लहान मुलांचीही होते का?"

"कोणाची करायचीय?"

"धाकटीची. आठ वर्षांची झाली, अक्षरं डोक्यात बसतच नाहीत. मी आपला तिच्यावरच ओरडत होतो."

मिस्त्रीने चार दिवसांच्या थट्टेला जोरदार उत्तर तयार ठेवलं होतं. ते त्याने गिळलं आणि साबण पुढे केला. "आधी हात धुवा. उद्या दोघं जाऊ तिला घेऊन."

धाकटीच्या रक्तातही शिसं निघालं. अक्षरांचं कारण तेच, असं ठामपणे सांगता येणार नाही, असं सिस्टर म्हणाल्या; पण तिला शिकवायला खास शिक्षिका सुचवली आणि मालकाला चांगलं फैलावर घेतलं. आठवड्याभरात दुकानात धूर ओढणारा पंखा लागला. झाडू गेला, ओलं फडकं आलं. धाकटीवर ओरडणं मालकाने त्याच दिवशी बंद केलं.

बायकोचं शिसं पुढच्या तपासणीत कमी झालं, पण गेलं नाही. हाडांत मुरलेलं इतक्या लवकर निघत नाही, हे सिस्टरनी सांगितल्यावर मिस्त्री दोन दिवस नीट जेवला नाही. दिवस भरले आणि मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज थेट सिस्टरांच्या तोडीचा.

सहाव्या महिन्यात तिला तपासायला नेलं. तिने सिस्टरांच्या हातातलं पेन हिसकावून तोंडात घातलं.

"छान चाललंय," सिस्टर म्हणाल्या. "पण शाळेत जाईपर्यंत लक्ष ठेवू."

"म्हणजे हुशार निघेल ना?" मिस्त्रीने काकुळतीने विचारलं.

"आईवर गेली तर निघेल," बायको म्हणाली आणि मुलीला त्याच्या मांडीवर दिलं.